वैशाखातली बाजरी

उन्हाळ्यात काय खाऊ नये, असं कुणी विचारलं की मी आधी बाजरीचं नाव घेते. मग लसूण, तीळ, सुंठ, पाण्यात न भिजवलेला आंबा, उन्हातून आल्या आल्या तोंडात कोंबलेले गूळ-शेंगदाणे. असं घडाघडा सांगते की ऐकणाऱ्याला वाटावं, काय शहाणी म्हातारी आहे. ही शहाणी नवी नवरी असताना केवढी दीडशहाणी होती, ते बघायला आता कुणी उरलं नाही, हे माझं नशीब.

साताऱ्याहून लग्न होऊन आष्ट्याजवळच्या खेड्यात मी आले, तेव्हा मोठी लढाई चालू होती. वडील पलटणीतून पेन्शनीत आलेले, मी मराठी चौथी झालेली. म्हणजे जगातलं सगळं मला कळत होतं, फक्त जगाला ते कळलेलं नव्हतं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. होळी झाली की त्या बाजरीचं पोतं माळ्यावर चढवायच्या, लसणाच्या जुड्या हात पोचणार नाही अशा आढ्याला टांगायच्या. मग पाऊस पडेपर्यंत ज्वारीची भाकरी, आंबील, ताक आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. कुणी दागिने जपणार नाही असा त्या लसूण जपतात, असं मी मनात म्हणायची.

एकदा भर दुपारी शिडी लावून मी लसूण काढला, चटणी वाटली आणि गोठ्यात म्हशीच्या आडोशाला बसून कैरीबरोबर सगळी चाटून खाल्ली. संध्याकाळी घोळणा फुटला. आत्याबाईंनी मला आडवं केलं, डोक्यावर ओलं फडकं ठेवलं, कांदा फोडून नाकाशी धरला. मग वाकून वास घेतला.

"रगत हाय का चटणी हाय गं ही?"

मी डोळे मिटून मेल्यासारखी पडून राहिले.

"खा बाई. तुझं नाक, तू फोड," त्या म्हणाल्या. "मला तसं करून न्हाई भागत. माझं लेकरू उन्हात हाय."

लेकरू म्हणजे माझा धाकटा दीर. पलटणीबरोबर तो मिसर देशात गेला होता. तिथं नुसती वाळू आणि ऊन, असं कुणा शिपायाकडून कळलं, त्या दिवसापासून आत्याबाईंनी उष्ण पदार्थाला हात लावला नव्हता. उन्हाळ्यातच नव्हे, बारा महिने. संक्रांतीला सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवायचा, स्वतःच्या तोंडात नाही. आईनं गार खाल्लं की लेकाला गार पडतं, असा त्यांचा हिशेब. आमच्या भागात कुणाकुणाच्या आया असं पाळायच्या.

मला हसू यायचं. एकदा जेवताना मी नवऱ्याला म्हणाले, "आवं, आत्याबाईंच्या पोटातनं मिसरापर्यंत पाट काढलाय का कुणी? हितं ताक ओतलं की तिकडं पोचतंय ते?"

तो हसला नाही. "माझ्या पाठचा हाय त्यो," म्हणाला आणि अर्ध्या भाकरीवरून उठला. मी उरलेली भाकरी खाऊन टाकली. एवढी माझी समज.

पुढच्या वैशाखात आष्ट्याचा एक शिपाई जखमी होऊन घरी परतला होता, तो भेटायला आला. दिराच्याच पलटणीतला. आत्याबाईंनी त्याच्यापुढं ताकाचा तांब्या धरला.

"गार नगं मावशी," तो म्हणाला. "अजून हाडातनं गारठा जात न्हाई."

"मिसरात कसला रं गारठा?"

"मिसर कवाच सुटलं. समिंदर वलांडून पल्याडच्या डोंगरात गेलो आमी. बर्फ पडतंय तितं. बंदुकीला हात चिकटायचा."

"आमचा बी तितंच हाय?"

"व्हय की. दिवाळीच्या आधीपासनं. मला दवाखान्यात न्हेलं, तवा चांगला हुता."

तो गेला तरी आत्याबाई तांब्या हातात धरून बसल्या होत्या. मग मला म्हणाल्या, "माळ्यावरची बाजरी काढ."

खरं सांगते, मला आनंद झाला. बाजरी आली म्हणजे लसूणही येणार. दोन-चार दिवस मी त्यांच्या बरोबरीनं हादडलं, मग तोंड आलं आणि मी मुकाट्यानं आंबिलीवर परतले. त्या परतल्या नाहीत. बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, तीळ, वर सुंठीचा काढा. ताक बंद, कांदा बंद. बाहेर जमीन भाजत होती आणि त्या चुलीला चिकटून बसायच्या. अंगभर गळवं उठली, डोळे लाल झाले, उन्हाळी लागून लघवीला जाताना भिंत धरायला लागायची.

"आवं आत्याबाई, वैशाखात बाजरी म्हंजे इस्तू, असं तुमीच सांगता न्हवं?"

"इस्तूच पायजे. तिकडं त्याला चूल कोन पेटवून देतंय?"

मी बाजरीच्या पिठात गुपचूप ज्वारीचं पीठ मिसळलं. पहिल्याच घासाला त्या थांबल्या. "असली लबाडी नगं करू. गारठंल त्यो," एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

ज्येष्ठात गावचे पाटील आले. पागोटं हातात घेऊन अंगणातच उभे राहिले, तेव्हाच कळायचं ते कळलं. कुठं, कसं, यातलं आत्याबाईंनी काही विचारलं नाही.

"कवा?"

"संक्रांतीच्या सुमाराला, वैनी. निरोप यायला लय उशीर झाला."

आत्याबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "भोगीला सगळ्यांनी बाजरी खाल्ली. मी ताकभात खाल्ला."

पाटलांना काही उमगलं नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला उमगलं होतं. पोटातनं कुठं पाट जात नसतो, आत्याबाई, एवढंच म्हणायचं होतं. वर्षभर ते माझ्या जिभेवर नाचत होतं. त्या दिवशी जीभ उचलली नाही.

सुतकातही पोटाला लागतंच. शेजारणीनं पिठलं आणून दिलं, पण आत्याबाईंनी त्याला बोट लावलं नाही. काही दिवसांनी आमची चूल पेटली, तेव्हा मी ज्वारीचं आणि बाजरीचं, दोन्ही पिठं पुढ्यात घेऊन बसले.

"आत्याबाई, कशाची भाकरी टाकू?"

त्या भिंतीकडं तोंड करून निजल्या होत्या.

"कशाची बी टाक," म्हणाल्या.

त्या घरात असं उत्तर मी पहिल्यांदाच ऐकलं.