संत्रा रंगाच्या जर्सीला टाळ्या

सौंसरच्या स्टेशनावर छोट्या लाईनची, नॅरोगेजची गाडी येऊन उभी राहिली तेव्हा मे महिना होता, ऊन असं की कावळेसुद्धा झाडातून बाहेर निघत नव्हते, आणि माझ्या अंगावर तीन स्वेटर होते. अमेरिकेत थंडी असते असं कोणीतरी सांगितलं होतं. ती सौंसरपासून सुरू होत नाही, हे कोणी सांगितलं नव्हतं. मी एकोणीस वर्षांची, नवीनच लग्न होऊन नवऱ्यासोबत ओहायोला निघालेली आणि स्वतःला फार हुशार समजणारी. दोन स्टेशनं मागे पडेस्तोवर माझं कुंकू घामासोबत नाकाच्या शेंड्यापर्यंत उतरलं होतं. डब्यातली एक बाई म्हणाली, "अवो पोरी, काढ ना ते, मरशीन!" तर मी मान ताठ करून म्हटलं, "सवय करून राहिली जी." अशी मी.

सासर पांढुर्ण्याचं. सासूबाईंनी आधीच आळीभर सांगून ठेवलं होतं, "हे पोट्टी दिवाळीपर्यंत वापस येते, पाहून घेजा." आणि माझे बाबा, ज्यांचा रामाकोन्याजवळ संत्र्याचा बगीचा होता, ते गाडीच्या खिडकीत हात घालून एवढंच बोलले होते, "जमलं नाही त ये वापस. लाजू नको." मला तेव्हा याचा फार राग आला होता. मला वाटलं, सासूला भरोसा नाही ते ठीक, पण बापालाही नाही?

आता हे सारं आठवायचं कारण माझा नातू समीर, म्हणजे समू. तुम्ही जे सौंसर-पांढुर्ण्यातच राहिले, आणि जे माझ्यासारखे पुण्याला, रायपूरला, दुबईला उठून गेले, त्या सगळ्यांनी त्याच्या खेळाचा व्हिडिओ पाहिला आहे. पण तो माझ्या माहेरी पहिल्यांदा दाखवला त्या दिवशी नेमकं काय झालं ते अर्ध्यांना माहीत नाही आणि उरलेले अर्धे ज्याला त्याला चुकीचं सांगून राहिले. म्हणून लिहिते.

समू खेळतो तो फुटबॉल पायानं खेळायचा नव्हे. इथला, हातात धरून पळायचा, हेल्मेटवाला. हा खेळ मी पहिल्यांदा पाहिला तो ओहायोत आल्यावर चौथ्या-पाचव्या महिन्यात, ह्यांच्या ऑफिसातल्या साहेबांकडे. टीव्हीवर दहा-बारा गडी एकाच्या अंगावर पडले होते. सगळ्यांना वाटलं ही नवी बाई आता घाबरेल. मी काय घाबरते? जाम नदीच्या दोन्ही काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी एकमेकांना गोटे मारतात, ती गोटमार मी लहानपणीच एका गच्चीवरून पाहिली होती. मी माझ्या नव्या कोऱ्या इंग्रजीत साहेबांच्या बायकोला अभिमानानं सांगितलं, "आमच्या गावी दगड मारतात. टोपी घालत नाहीत." तिनं आपलं लेकरू हळूच माझ्या मांडीवरून उचलून घेतलं. पुढं वर्षभर त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं नाही.

त्या खेळात समू कॉर्नरबॅक आहे. सोपं करून सांगते. समोरच्या संघाचा एक वेगवान गडी मैदानाच्या काठानं पळत सुटतो आणि लांबून त्याच्याकडे चेंडू फेकतात. तो त्याला झेलू द्यायचा नाही, हे समूचं काम. अडचण अशी की कुठं वळायचं ते त्या गड्याला ठाऊक असतं, समूला नसतं. म्हणून सुरुवातीला समू त्याच्याकडे तोंड ठेवून उलटा पळतो, आणि तो वळला की वळतो. अर्धा क्षण चुकला की झालं, हजारो लोकांसमोर एकटाच उघडा पडतो. आणि चांगलं खेळला तर? तर त्याच्याकडे चेंडू फेकतच नाहीत. म्हणजे चांगलं केलं की कोणाला दिसत नाही आणि वाईट केलं की सगळ्यांना दिसतं. सुनांना हा खेळ पटकन समजावा.

लहान कॉलेज. पहिली वर्षं समू बाकावरच बसला. शेवटच्या वर्षी पुढच्या पोराचा गुडघा गेला म्हणून याला जागा मिळाली. एवढ्याशा खेळावरून मोठ्या लीगमधल्या कोणाला काय कळणार? पारखायला माणसं आली, त्यांनी पट्टी लावून याचे हात मोजले आणि म्हणाली, आखूड आहेत. मोठ्या निवडीत नाव आलं नाही. मग एका संघाचा फोन आला: सोमवारी आमच्या शिबिराला ये, पाहू, बाकी वचन काही नाही. आणि त्याच सोमवारपासून माझ्या मुलानं, प्रकाशनं, त्याच्यासाठी विमा कंपनीत नोकरी ठरवली होती. तिथला साहेब थांबायला तयार नव्हता. शिबिर नाहीतर नोकरी, एकच काहीतरी.

प्रकाश सारखा म्हणत होता, "आई, तू त्याला काही बोलू नको. बी प्रॅक्टिकल. हजारात एक टिकतो." बोलत होता ते खरंच होतं. माझा मुलगा वाईट नाही, त्याला फक्त पोराचं तोंड पडलेलं पाहवत नाही. आणि निवडीत नाव आलं नाही तेव्हापासून समू तर दोन आठवडे खोलीतूनच बाहेर येईना. शेवटी एका सकाळी माझ्या शेजारी येऊन बसला आणि त्याच्या त्या मराठीत म्हणाला, "आजी, तू ट्रूथ सांग. मी टिकेल का?"

आता मला काय कळतं? मी म्हटलं, थांब, बाळूला विचारू.

बाळू माझा धाकटा भाऊ. बाबांचा बगीचा तोच पाहतो, आणि दुसऱ्यांचेही बगीचे घेतो. आमच्याकडे संत्रं तोडून मग विकत नाहीत. फळ झाडावर हिरवं असतानाच घेणारा येतो, बगीचा फिरतो आणि पुढं काय होईल याचा अंदाज करून अख्खा बगीचा घेऊन टाकतो. न पिकलेल्याची पारख हा बाळूचा जन्माचा धंदा. तेवढाच माझ्याकडे तज्ज्ञ होता.

इथं सकाळ, सौंसरला संध्याकाळ. व्हिडिओ कॉल लावला तर बाळूच्या ओसरीवर अर्धी आळी जमलेली. समूनं आपला खास व्हिडिओ दाखवला, वाजंत्रीसकट, सगळा चांगला चांगला खेळ. बाळू चष्मा पुसत पाहत राहिला.

"ताई, हा त उलटा पळून राहिला."

"त्याचं कामच आहे ते, बाळू."

"भ्याला नाही ना?"

"नाही रे बाबा!"

"आन् हात आखूड म्हणते ते लोकं? त ते आपल्या घराण्याचेच आहेत. मी अजून शिडीशिवाय वरचं फळ तोडलं नाही." ओसरी हसली. मग तो जरा गंभीर झाला. "पण ताई, हे त सडकेकडच्या ओळी दाखवून राहिला तो. मालक घेणाऱ्याले सडकेकडूनच फिरवते. तिथं पाणी जास्त, झाडं हिरवीगार, अन् वरतून चहा. म्या चहा तिथंच ठेवतो अन् धुऱ्यानं, बांधावरून, आत घुसतो. मधल्या झाडाखाली जाऊन बसतो. खाली किती फळ गळलं ते पाहाचं, अन् इतकं गळूनही वर काय राहिलं ते पाहाचं. समू बेटा, जिथं पडला तू, ते दाखव."

समूला मी भाषांतर करून सांगितलं. असे तुकडे त्याच्याकडे होते, त्याच्या कोचनं काढून दिलेले. ते त्यानं आम्हाला कोणाला कधी दाखवले नव्हते. प्रकाश दारातून म्हणाला, "कशाला?" पण समूनं ओठ चावत लावले.

पहिला तुकडा. समोरचा गडी पळाला, समू चुकीकडे वळला, त्यानं आरामात चेंडू झेलला. आणि सौंसरच्या ओसरीवर जोरात टाळ्या पडल्या.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दुसरा तुकडा. समू घसरून पडला, गडी सरळ शेवटच्या रेषेपर्यंत गेला. ओसरीवर कोणीतरी शिट्टी मारली. माझी भावजय ओरडली, "वा रे माझ्या वाघा!" तिसऱ्याला तर बाळू उभाच राहिला. "ताई! पोट्टा त सोनं आहे व! हात आखूड कोण म्हणते बे?"

मग माझ्या ध्यानात आलं. समोरचा संघ संत्रा रंगाच्या जर्सीत होता. आणि समूची जर्सी त्या दिवशी पांढरी, पहिल्या व्हिडिओत होती तशी निळी नाही. सौंसरची माणसं! संत्रा रंग दिसला की तो आपलाच, यात त्यांना विचारण्यासारखं काही वाटलंच नाही.

मी म्हटलं, "अरे बाळू, आपला तो नाही! आपला तो खाली पडला तो!"

तिकडच्या टाळ्या मधेच थांबल्या. मग भावजय हळूच म्हणाली, "अगं माय."

आणि समू हसला. आधी नाकातून, मग पोट धरून, मग सोफ्यावरून खाली घसरून. दोन आठवड्यांत पहिल्यांदा. प्रकाशही दाराला टेकून हसायला लागला. ज्या तुकड्यांच्या लाजेनं पोरगा खोलीत बसून होता, त्यांना टाळ्या पडून गेल्या होत्या. आता त्यांत लपवायचं काय उरलं? तो डोळे पुसत उठला आणि स्वतःच एकेक तुकडा परत लावून समजावू लागला. "बाळूमामाआजोबा, इथं मी त्याचे डोळे पाहिले. डोळे खोटं बोलतात. कंबर पाहायची. कंबर खोटं बोलत नाही." "इथं मला पाय उशिरा फिरला." आणि प्रत्येक वेळी तुकडा पुढं सरकू दिला की दिसायचं, दुसऱ्या खेपेला हा परत तिथंच, त्याच गड्यासमोर, गुडघे वाकवून उभा. चौथ्या तुकड्यानंतर त्याच्याकडे फेकलेला चेंडू त्यानं हातानं उडवून लावला होता. त्याला टाळ्या मिळाल्या नाहीत, कारण ओसरी आता घाबरून विचारूनच टाळ्या वाजवत होती. "ताई, हे आपलं का?"

"आपलं, आपलं!"

मग वाजल्या.

शेवटी समूनं विचारलंच. "मग मी टिकेल का?"

बाळूनं डोकं खाजवलं. "फळगळ आहे बेटा. वर धरलेलंही आहे. पण तू पयल्या बहाराचं झाड. पयल्या बहाराचा अंदाज कोणालेच येत नाही, मलेही नाही. मी त जुन्या झाडाचेही अर्धे अंदाज चुकवतो, तुह्या आजीले विचार. पाहाचं असन त झाड ठेवा लागते अन् बहार येऊ द्या लागते. दुसरा उपाय नाही."

फोन ठेवल्यावर समू माझ्याकडे पाहत बसला. म्हणजे अजून आजीनं सांगायचं बाकीच होतं. मी म्हटलं, "टिकशील का ते मला माहीत नाही. मी टिकेन हेही कोणाला माहीत नव्हतं, मला तर बिलकुलच नव्हतं. तू जा. आणि नाही जमलं तर ये परत. लाजू नको."

बोलून गेले आणि माझीच मला गंमत वाटली. एवढी वर्षं ज्या वाक्यावर रुसून होते, त्यात भरोसा नव्हता असं मला वाटत आलं. त्यात भरोसा नव्हता कुठं? त्यात फक्त दार उघडं होतं. कळायला मला नातू मोठा व्हावा लागला. हुशार होते ना मी!

विमा कंपनीच्या साहेबाला समूनं स्वतः फोन केला. सोमवारी पहाटे प्रकाशनंच गाडी काढली आणि सहा तास चालवत पोराला शिबिराला सोडलं.

शिबिरानंतर त्यांनी समूला उन्हाळाभर ठेवून घेतलं. उन्हाळा संपता संपता मुख्य संघात नाव नाही, पण सराव पथकात आलं. म्हणजे आठवडाभर समोरच्या संघाचं सोंग घेऊन आपल्याच मोठ्या खेळाडूंचा मार खायचा, रविवारी सामना बाहेर बसून पाहायचा, आणि कोणत्याही दिवशी 'ये आता' म्हणतील याची तयारी ठेवायची. प्रकाश मला नीट समजावू लागला. मी म्हटलं, राहू दे रे, मला समजलं. मी इथं तुझ्या जन्माच्या आधीपासून सराव पथकातच आहे.

आता बहार येतो की नाही, पाहू. बाळू रोज विचारतो. आपला पांढुर्णा जिल्हा झाला, छोटी लाईन जाऊन मोठी आली. सौंसर आता नुसतं मोबाइलवर बसून ओहायोतल्या पोराचे गुडघे कसे आहेत ते विचारतं.

आणि मी आयुष्यभर गेलेली बाई. सौंसरात 'ती गेली', पांढुर्ण्यात 'ती गेली'. घर म्हटलं की ते कुठंतरी मागं, आणि मी त्याच्यापासून दूर, असाच हिशेब माझ्या डोक्यात. परवा समूचा फोन आला. नवं शहर, खोलीत दुसरा एक पोरगा, जेवण बेचव, अंग ठणकून राहिलं. इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "आजी, पुढच्या आठवड्यात दोन दिवस सुट्टी आहे. मी घरी येऊ?"

घरी. म्हणजे इथं. म्हणजे माझ्याकडे.

"विचारतो काय बे," मी म्हटलं. फोन ठेवला आणि यायला अजून आठवडा आहे हे माहीत असूनही गोळाभातासाठी चण्याची डाळ भिजत घातली.