मल्हारीचा डावा पाय

पुसेगावात मल्हारीइतका तिरसट मेंढपाळ दुसरा नव्हता. मी त्याचा शेजारी, आणि मला तो कधीच आवडला नाही. २००३ च्या उन्हाळ्यात त्याच्या अंगावरून वारं गेलं, डावी बाजू लुळी पडली. तोंड मात्र शाबूत राहिलं. धाकटा भाऊ शिवहार लगेच सामाईक मेंढ्या विकायच्या मागे लागला. "दादा, तू बिनआधाराचा उभा राह्यलास तर ठेवू," असं चारचौघांत म्हणाला. हा उभा राहत नाही, याची त्याला खात्री होती. आणि मेंढरं गेली असती तर मल्हारी खाटेवरच संपला असता.

हिंगोलीच्या व्यायामाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, डाव्या पायावर भार द्या, तो पाय आहे हे अंगाला कळू द्या. मल्हारी कुणाचं ऐकतो! थोडं बरं वाटताच तो उभा राहिला, रानात मेंढपाळ उभे राहतात तसा. काठीवर हनुवटी, उजवा पाय भक्कम, डावा त्याला नुसता टेकवलेला. लोक खूश झाले. सगळा भार चांगल्याच पायावर आहे, हे एकट्या त्याच्या बायकोला, पंचफुलाबाईला दिसलं. तिने काठी हिसकली. तो धाडकन पडला.

"नवऱ्याच्या जिवावर उठली," बाया बोलू लागल्या.

रोज संध्याकाळी वाडग्यात, कुंपणाआड मेंढरांच्या गर्दीत, तेच भांडण. "ह्यो पाय माझा न्हाईच. काहून लोढणं बांधून राहिलीस?" तो शिव्या देई. "तुमचाच हाय. टेकवा!" ती ओरडे. मला दोघांचाही संताप येई.

दिवाळीनंतर एका बाजाराच्या दिवशी शिवहार चार माणसं घेऊन मेंढ्या हाकायला आला. मल्हारी वाडग्याच्या तोंडाशी रिकाम्या हाताने उभा होता. "सरक," म्हणत शिवहारने त्याला ढकललं. सख्ख्या भावाला, आणि तेही लुळ्या बाजूवर! नीच माणूस. मल्हारी कलंडला, डावा पाय बाजूला टेकला, लटपटला आणि भार पेलून थांबला. पंचफुलाबाई जागची हलली नाही.

उभा राहिला तर ठेवू, हा शब्द सोबतच्या माणसांनीही ऐकला होता. ती शिवहारकडे बघत राहिली. तो मेंढ्यांना हात न लावता निघून गेला.

मल्हारी तसाच उभा. मग एकदम बायकोवर भडकला. "वाडगं झाडत न्हाईस का गं? पायाखाली खडा टोचून राहिला!"

"कोन्त्या पायाखाली?" तिने विचारलं.

तो खाली बघत राहिला. "डाव्या," म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं.