विमानातून दिसलेली भिंत
कारवी तोडली की तिचा उग्र वास हाताला राहतो, आणि मला तो पुण्याचा प्रोफेसर आठवतो. ऐंशी सालानंतरचं हे. खेडपासून आत, आमच्या डोंगरावर फार जुनी वस्ती होती असं म्हणत तो ती शोधत आला. विमानातून काढलेले दोन फोटो त्याने पडवीत शेजारी शेजारी मांडले, त्यावर दोन भिंगं ठेवून मला बघायला लावलं, तर डोंगर कागदातून उभाच राहिला! माथ्याजवळच्या सरळ रेघेवर बोट ठेवून म्हणाला, "काका, ही भिंत आहे. सहा वर्षं सांगतोय, कॉलेजात हसतात मला." भिंत होतीच. गुरांमागे जाऊन तिच्या सावलीत मी भाकर खाल्लेली. पण ज्याने डोंगर पायाखाली घातला नाही तो मला पडवीत बसून डोंगर दाखवतो, याचा राग आला. सकाळी मी मुद्दाम त्याला भिंतीची सोंड सोडून अलीकडच्या सोंडेवर नेलं. धुक्यात पुढचं काही दिसत नव्हतं. नकाशा उलटसुलट करून तो म्हणाला, "खुणा जुळत नाहीत हो." मी म्हटलं, "आता तुम्ही मला डोंगर शिकवणार?" मग तो दुपारपर्यंत कारवीत शोधत राहिला, हात सोलले त्याचे. शेवटी नकाशावरची भिंत लाल फुलीने खोडून त्याने मला हात जोडले, "बरं झालं तुम्ही होतात, नाहीतर मी खोटं छापलं असतं." तेव्हा तरी बोलायचं होतं. मी नुसती मान हलवली. जन्मात कोणापुढे वाकलो नाही मी. त्या माणसापुढे मात्र वाकायला हवं होतं, भिंत तर हाकेच्या अंतरावर होती.