कंपनीची वायर

आमचे भाऊजी गाड्यांना स्पीकर बसवतात, आणि फटकळ. कोणी दुकानात येऊन "स्पीकरची वायर कंपनीचीच आहे, जाड टाकून द्या" म्हणालं, की यांचं नाक वाकडं झालंच. "वायर जाड केली की गाणाऱ्याचा गळा सुधारतो का हो?" असं तोंडावर विचारायचे. मालक आतल्या आत चरफडायचा, कारण त्याची सगळी चांदी जाड वायरीत.

मी भाऊजींच्या थोरल्या भावाची बायको. त्याच दुकानात सीटकव्हरं शिवते, माझं मशीन त्यांच्या कामाच्या जागेला लागून. त्यामुळे गाडीच्या दाराच्या पोटात काय काय सापडतं ते रोज बघावं लागतं. चघळलेलं च्युइंगम, केसांचे गुंते, एकदा तर बुरसटलेला अर्धा पाव. बाहेरून आरसा, आत उकिरडा. भाऊजी ते चिमट्याने उचलून फेकायचे आणि मग त्या घाणीतली वायर फडक्याने हळूच पुसायचे. खिशातलं मीटर लावायचे. मीटरने वायर धड सांगितली, की गिऱ्हाइकाला तसंच परत पाठवायचे. तीस वर्षांत धड वायर त्यांनी कापली नव्हती.

पण हल्ली मला त्यांचाच वीट आला होता. मशीनवरून हाक मारावी तर ढिम्म. दोनदा, तीनदा मारली तरी मान वळत नसे. माज आलाय, दुसरं काय, असं मी घरी नवऱ्यालाही सुनावलं होतं. मग मीही हाका मारणं बंद केलं.

परवा एक शिक्षिका गाडी घेऊन आल्या. मागच्या काचेखालचे दोन स्पीकर फाटले होते, तेवढे बदलायचे होते. काम झालं. भाऊजी सवयीप्रमाणे मागच्या सीटवर मधोमध बसून ऐकू लागले आणि कपाळाला आठी पडली.

"उजवं दार कुजबुजतंय."

दार उघडलं, मीटर लावलं. वायर ठणठणीत. दारातला स्पीकर बदलून पाहिला, तरी तेच.

"वायरच आतून गेलीय," भाऊजी म्हणाले.

"मीटर काय म्हणतंय?" मी विचारलं.

"मीटर गेलं खड्ड्यात!"

मालक तर जाड वायरीचं भेंडोळं घेऊन धावतच आला. त्याचं ते हसू पाहून मला शिसारी आली. नवी वायर दारात न्यायची म्हणजे दार आणि गाडी यांच्यामधल्या मूळ जोडणीला भोक पाडायचं, पुढे तिथून पाणी शिरून काच वर-खाली होणंसुद्धा बंद पडतं. हे मला भाऊजींनीच शिकवलेलं.

"अहो, मला दोन्हीकडून सारखंच ऐकू येतंय," बाई म्हणाल्या.

"बाई, तीस वर्षं कानावर पोट भरतोय मी." त्यांनी कटर वायरीला लावला.

माझं डोकं फिरलं. गाडीशी जाऊन ओरडले, "कापायच्या आधी मागचे नवे तरी नीट ऐका!"

ते चिडून सीटवर गुडघे टेकून मागे वळले. आणि तसेच थांबले.

"आता उजवं दार वाजतंय," ते हळूच म्हणाले. "डावं कुजबुजतंय."

पुन्हा पुढे वळले. पुन्हा मागे. गाणं तेच, दारं तीच. कटर खाली ठेवला आणि उजव्या कानावर हात ठेवून बसून राहिले.

"मग टाकायची ना जाड?" मालकाने विचारलं.

भाऊजींनी वायर पुसली, दाराचं आवरण जागच्या जागी दाबून बसवलं. "गाडी धड आहे, बाई. कोणी काही सांगितलं तरी ही वायर बदलू नका."

बाई गेल्यावर ते माझ्या मशीनपाशी आले. त्यांची बसायची जागा आणि माझं मशीन यांच्याकडे आळीपाळीने बघत राहिले. माझं मशीन त्यांच्या उजव्या हाताला होतं.

"वहिनी, तुम्ही मला हाका मारायचात?"

"रोज," मी म्हणाले. मला माझ्याच जिभेची किळस आली.

"मला वाटलं, तुम्ही माझ्याशी बोलणंच सोडलंत."