आधी मले दाखव

"आधी मले दाखव, मंग उघड."

दिघोरीत माझं वेल्डिंगचं दुकान आहे. शेजारचा हा म्हातारा जाऊन वर्ष होत आलं, तरी बोल्टला पाना लावला की मी मागे वळून पाहतो. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, दुकानातून आणलेली साखर घरी परत तोलणारा. पण याला कारण होतं. बायकोला अर्धांगाचा झटका आला तेव्हा आपल्या जुन्या, गोल नाकाच्या पिकअपमधून तो तिला भंडाऱ्याला नेत होता आणि गाडी रस्त्यात बंद पडली. त्याआधी दुरुस्तीला दिली तेव्हा मिस्त्रीने चांगला पंप काढून भंगार बसवला, असं त्याचं ठाम मत. खरं-खोटं देव जाणे. बायको वाचली, पण उजवं अंग गेलं. गाडी चिंचेखाली सडत राहिली.

मग एकोडीहून निरोप आला. बायकोचा थोरला भाऊ अंथरुणाला खिळला होता आणि भाऊबीजेला बहिणीकडून ओवाळून घ्यायचं म्हणत होता. पुढची भाऊबीज तो पाहील असं कोणालाच वाटत नव्हतं. तिला एसटीची पायरी चढवत नव्हती. भाड्याची गाडी करा म्हटलं, तर म्हणाला, "अन् त्यानं रस्त्यात सोडलं तं?"

झालं, पिकअप दुरुस्त करायची. मी क्रम सांगितला. आधी सगळं उघडू, सडलेला पत्रा वेल्ड करू, मग ब्रेक आणि इंजिन, त्यानंतर वायरिंग, रंग शेवटी.

"सगळं एकदम उघडलं तं मी लक्ष कशाकशावर ठेवू? एक उघड, ते बसव, मंग दुसरं."

वायरिंग तर त्याने सगळ्यांत आधी करून घेतलं, का तर वायरमन भाचा सुटीवर आला होता. घरचा माणूस ना! मग मी तळाचा पत्रा जोडायला घेतला आणि व्हायचं तेच झालं. ठिणग्या पडून नवं वायरिंग जळालं.

"तूनं जानून जाळलं."

माझं डोकं सणकलं. "भाऊ, मले चोर समजता तं दुसरा पाहा. दिवाळी दारात आली."

तो जागचा हलेना. घरातून बायकोने आवाज दिला, "माझी खाट गाडीपाशी आना. माझी नजर हाये ना. तुमी धान कापाले जा."

जगात तिच्या एकीवर त्याचा विश्वास होता. तो गेला. मी भराभर सगळी गाडी उघडली. ती टक लावून बघत होती.

"राग नका मानू, भाऊ. त्या दिवसापासून ह्यायची झोपच उडाली. रातभर माझ्या नाकापाशी हात धरून श्वास पायतेत."

मला फार वाईट वाटलं. त्यानंतर मी त्याच्यावर चिडलो नाही, असं मात्र नाही.

भाऊबीजेच्या सकाळी गाडी तांबड्या प्रायमरवरच निघाली. रंगाला वेळ कुठे होता? तिला मध्ये बसवलं. त्याने किल्ली माझ्यापुढे धरली.

"तू चालव. मी इले धरतो."

साकोलीच्या रस्त्याला लागेपर्यंत त्याचं चालूच होतं, हा आवाज कायचा, तो कायचा. मग गप्प झाला. आता काय नवीन संशय, म्हणून मी पाहिलं, तर तिच्या खांद्यावर डोकं टाकून तो झोपला होता. तिने डाव्या हाताने त्याला धरून ठेवलं होतं.

एकोडीला भावाची खाट अंगणात आणलेली दिसली. पोरीबाळी गाडीकडे धावत आल्या. मी गाडी उभी केली आणि किल्लीला हात लावला.

"राहू द्या चालू, भाऊ," ती हळूच म्हणाली. "बंद पडली की हे दचकून उठतेत."