सुईला काय लागलं

बाबा आमगावात एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. सुई कातडीतून मांसात कधी गेली, हे त्यांना बोटांत कळायचं. मी दूरच्या शहरात एका प्रयोगशाळेत ते कळणं यंत्रात आणण्याच्या खटपटीत होते.

एमआरआयच्या बोगद्यात डॉक्टरांचा हात नीट पोचत नाही, म्हणून तपासणीचा तुकडा काढणारी सुई रोबोटने घालायची. पण तिथल्या चुंबकापुढे लोखंड चालत नाही आणि विजेवरचा सेन्सर चित्र बिघडवतो. आम्ही केसाएवढ्या बारीक काचेच्या तंतूतून उजेड सोडायचो. सुई कशाला टेकली, की तिच्या टोकाजवळचा इवला आरसा सरकायचा आणि परत येणारा उजेड बदलायचा. त्यावरून दाब मोजायचा.

दिवाळीत बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे माह्या बोटाचं काम तू काचेले शिकवून राहिली."

त्याच हिवाळ्यात त्यांना लघवीचा त्रास सुरू झाला. नागपूरला कॅन्सर आहे का ते तपासायला सोनोग्राफीवर अंदाज घेत सुईने प्रोस्टेटचे तुकडे काढले. काही निघालं नाही. सहा महिन्यांनी पुन्हा काढले, तरी नाही. मग एमआरआय केला. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरून पुढच्या बाजूचा काळा डाग दाखवला. सोनोग्राफीत तो दिसत नाही, त्यामुळे आपली सुई तिथे नेमकी जाईल याची खात्री नाही, असं ते म्हणाले.

बाहेर बाकावर बसल्यावर बाबांनी विचारलं, "फोटोत दिसून राहिलं ना? मंग सुई तठीच काऊन नाही घालत?"

"त्याचंच यंत्र आम्ही करतोय, बाबा. अजून झालं नाही."

"कवा होईल?"

"दोनेक वर्षांत," मी म्हणाले.

ते खरं नव्हतं. आमचा तंतू जरा वाकला तरी सुईला काही लागल्यासारखा आकडा यायचा. मांसाऐवजी वापरायच्या जिलेटिनच्या गोळ्यातसुद्धा खरा दाब कुठला आणि वाकल्याचा कुठला, हे आम्हाला वेगळं काढता येत नव्हतं. माणसाच्या अंगात ती सुई घालायचा विचारही कोणी करत नव्हतं.

तिसऱ्यांदा तुकडे काढले तेव्हा कॅन्सर सापडला. तोवर तो पाठीच्या मणक्यात उतरला होता. तिकडे प्रयोगशाळेत दोन वर्षं घालवूनही आकडे जुळत नाहीत म्हणून आमचा प्रयोग बंद करण्यात आला. रोबोटचा सांगाडा आम्ही खोक्यात भरून स्टोअरमध्ये ठेवला. मी राजीनामा दिला आणि आमगावला आले. बाबांना सांगितलं, लांब सुट्टी काढली आहे.

भेटायला येणाऱ्यांना ते पडल्यापडल्या सांगायचे, "पोरगी मशीन बनवून राहिली. पुढच्याईले असं नाही होणार."

लोक माझ्याकडे कौतुकाने बघायचे. मी चहा ठेवायच्या निमित्ताने आत निघून जायचे. एकदा खरं सांगावं म्हणून त्यांच्या उशाशी बसलेही होते. त्यांनी विचारलं, "सुट्टी संपली काय?" मी नाही म्हणाले.

धानाची रोवणी चालू असताना ते गेले. मी त्यांना शेवटपर्यंत काही सांगितलं नाही.