खिंडीवरचं आभाळ

कामठ्याला आमच्या आळीत धान कापायच्या आधी लोक मला आभाळ विचारतात. कापलेला धान चार दिवस शेतात, बांधीतच, वाळत पडतो आणि तेवढ्यात पाऊस आला की वर्षाची मेहनत मातीत जाते. माझा अंदाज सहसा चुकत नाही, आणि हे मीच चारचौघांत सांगत फिरतो. बायको त्यावरून मला वेधशाळा म्हणते. खरं तर माझी युक्ती साधी आहे. सकाळी शेजारच्या बिरसी विमानतळाची शिकाऊ विमानं घिरट्या घालू लागली की समजायचं, दिवस मोकळा.

आमची एकुलती एक मुलगी हिमाचलात नर्स आहे. तिचा दवाखाना एका उंच खिंडीपलीकडच्या गावात आहे. थंडी लागली की खिंडीत बर्फ पडतो आणि रस्ता बंद होतो. त्याआधी निघालं तर तीन दिवसांत ती गोंदियाला रेल्वेतून उतरते. ती गेल्यापासून माझ्या फोनवर दोन गावांचं हवामान असतं, एक आमचं आणि एक तिचं. तिचं मी आधी पाहतो.

मागच्या वर्षी दिवाळीत तिला सुट्टी नव्हती, दिवाळीनंतरच्या मंडईसाठी, म्हणजे आमच्याकडच्या गावजत्रेसाठी, होती. आमच्याकडे ज्या दिवशी गावची मंडई, त्या दिवशी लेकीबाळी, सोयरे, सगळे घरी येतात. लहानपणी ती मंडईत शिंगाड्यांच्या ढिगापाशी ठाण मांडून बसायची, ओढून आणावी लागायची. बायकोनं आठ दिवस आधीच नव्या धानाचे पोहे कुटून आणले होते.

तेव्हाच तिचा फोन आला. तिनं विचारलं, परवाच निघू का? इकडे धान कापलेला पडला होता आणि आभाळ भरून येत होतं. भारे बांधून त्यांची पुंजणं, म्हणजे गंजी, रचल्याशिवाय मला दुसरं काही सुचत नव्हतं. मी फोनवर तिचं गाव पाहिलं. आठही दिवस ऊन.

"कायले घाई करतेस? तिकडे आभाळ मोकळं आहे. तीन दिवसांनी निघ, मी स्टेशनवर येतो," मी म्हटलं.

तिनं ऐकलं. लहानपणापासून ती माझ्या आभाळावर विसंबून छत्री घरी ठेवून शाळेत गेलेली.

ती निघाली त्या दिवशी तिच्या गावात खरंच लख्ख ऊन होतं. अंदाज चुकला नव्हता, वाचणारा चुकला होता. आमच्याकडे कामठ्याला ढग आला की बिरसीलाही येतो, एकच आभाळ सगळ्यांचं. डोंगरात गावाचं आभाळ वेगळं आणि वरच्या खिंडीचं वेगळं, हे या सपाटीवरच्या शहाण्याच्या डोक्यातच आलं नाही. अर्ध्या चढावरून तिची गाडी परत फिरवली. वर बर्फ पडला होता. दुसरा रस्ता दोन दिवस लांबचा, आणि सुट्टी मोजकी. ती आधी म्हणाली त्या दिवशी जे निघाले ते आपापल्या घरी पोहोचले.

इकडे ढग नुसतेच आले आणि गेले. धान कोरडा घरी आला. त्याचा इतका राग मला कधी आला नव्हता.

मंडईच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं होतं. बायको सगळ्यांशी बोलत होती, फक्त माझ्याशी नाही. मी मंडईत गेलो आणि सवयीनं शेरभर शिंगाडे घेतले. घरी कोणी खाल्ले नाहीत. मला लेकीची फार आठवण आली, आणि ती कोणाला सांगायची सोय नव्हती.

या वर्षी मी शहाणा झालो. धान उभाच होता तेव्हा तिला फोन लावला. आभाळ पाहायला अंगणातसुद्धा गेलो नाही.

"धान पडू दे नाहीतर सडू दे," मी म्हटलं. "तू निघून ये."



"बाबा, इथं या दिवसांतली सुट्टी पाळीनं भेटते," ती म्हणाली. "माझी पाळी मागच्या वर्षी होती."

आता फोनवर मी तिसरं ठिकाण ठेवलं आहे, खिंडीचं. मंडई परवावर आली आहे आणि खिंडीवर आठही दिवस ऊन आहे.